लहान मुलांच्या कंटेंटची कॉन्फरन्स: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझा अनुभव

नाशिकमधली बरीच मुलंमुली विचारतात, ताई अ‍ॅनिमेशन शिकलोय, मुलांच्या गोष्टी लिहितो, चित्रं काढतो, तर त्या किड्स कंटेंटच्या कॉन्फरन्सला जावं का, की पैसे वाया जातील. मी मुंबईतल्या एका कॉन्फरन्सला दोनदा जाऊन आले म्हणून सविस्तरच लिहिते.

आधी हे असतं काय ते. तिथे मुलं नसतात, सगळे मोठेच. चॅनेलवाले, ओटीटीवाले, स्टुडिओ, लेखक, डबिंग करणारे, खेळण्यांचं लायसन्सिंग बघणारे. बाहेरच्या देशांत इंग्लंडमधल्या शेफिल्डची चिल्ड्रन्स मीडिया कॉन्फरन्स आहे, ती जुलैत असते. जर्मनीत म्युनिकला १९६४ पासून प्री जूनेस नावाचा मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचा महोत्सव आहे, दोन वर्षांतून एकदा होतो, आणि तिथली पद्धत मला फार आवडते, आलेले लोक देशोदेशीचे मुलांचे कार्यक्रम एकत्र बसून बघतात, त्यावर चर्चा करतात आणि मग मतं देतात.

आता माझं. आम्ही तिघं गंगापूर रोडला एका खोलीत काम करतो. शेळीच्या करडाची सिरीज होती, गोदाघाटावर राहणारं आणि पाण्याला घाबरणारं करडू. पहिल्या वर्षी मीटिंग मिळाली, दहा मिनिटांची, समोर एका चॅनेलच्या बाई. त्यांचा पहिला प्रश्न, वयोगट काय? मी म्हटलं तीन ते बारा. त्यांनी पेनला टोपण लावलं. पुढे बोलल्या अगदी नीट, पण लिहून एक अक्षर घेतलं नाही. तेव्हा खूप वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबरच होतं, तीन वर्षांच्या मुलाला तेच गाणं दहा वेळा लागलं तरी हवंच असतं आणि बारा वर्षांचं मूल त्याच गाण्याला खोलीतून उठून जातं. प्री जूनेसमध्येसुद्धा सहा वर्षांपर्यंत, सात ते दहा आणि अकरा ते पंधरा असे वेगळे गट असतात.

परत आल्यावर ओळखीच्या एका बालवाडीत गेलो. पंचवटीत आहे. बाईंची आणि पालकांची परवानगी घेतली, मुलांचे फोटो काढले नाहीत, हे तुम्हीही पाळा. अठरा मुलं सतरंजीवर बसवली, लॅपटॉप स्टुलावर ठेवून आमचा एपिसोड लावला आणि मी मुलांकडे तोंड करून बसले, स्क्रीनकडे नाही. सुरुवातीला चाळीस सेकंद निवेदन होतं, घाट किती जुना वगैरे, माझं फार आवडतं. विसाव्या सेकंदाला एक मुलगी वॉटरबॅगचं झाकण उघडबंद करायला लागली, मग तिच्या शेजारचा, मग सगळी ओळच. आणि स्क्रीनवर बादली पायऱ्यांवरून खडखडत खाली गेली तो आवाज आला तशी ती मुलगी झाकण हातात धरून गुडघ्यांवर उभी राहिली. आम्ही निवेदन पूर्ण काढलं. गोष्ट आता बादलीपासूनच सुरू होते.

हे काही आमचं डोकं नाही. सेसमी स्ट्रीट हा अमेरिकेतला मुलांचा टीव्ही कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांच्या टीमने टीव्हीच्या बाजूला दुसऱ्या पडद्यावर बदलत्या स्लाइड्स लावून मूल कुठे बघतंय ते क्षणाक्षणाला टिपलं होतं. आपल्याकडे स्लाइड्स नसल्या तरी वही आहे.

दुसऱ्या वर्षी त्याच प्रश्नाला मी सांगितलं, चार ते सहा, आणि कोणत्या मिनिटाला मुलं उठली ते वहीतून वाचून दाखवलं. समोरच्यांनी वहीच मागून घेतली. डील झालं नाही, खरं सांगते, पण पुढचा एपिसोड पाठवा म्हणाले.

आता तयारीचं. नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जायचा विचार करू नका, दादरलाच दहा वाजून जातात आणि पहिलं सेशन हुकतं, आदल्या रात्री कुणाकडे तरी मुक्काम करा. पास महाग वाटला तर स्टुडंट पास आहे का, व्हॉलंटिअर लागतात का, हे मेल करून विचारा, विचारायला काय जातं. मीटिंगची वेळ आधीच बुक करा, तिथे जाऊन कुणी रिकामं सापडत नाही. सोबत एकच पान न्या, त्यावर एक ओळीत गोष्ट, वय, एपिसोड किती मिनिटांचा आणि किती एपिसोड. ५२ एपिसोड, प्रत्येकी ११ मिनिटं, हे माप तिथे सारखं कानावर येईल, घाबरू नका, सगळे लिहून तयार नसले तरी चालतात, पण पुढच्या आठदहा गोष्टी तोंडपाठ हव्यात. आणि कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या-काढलेल्या गोष्टीला असतो, म्हणून जायच्या आधी स्क्रिप्ट पूर्ण करा, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं मेंबर होऊन ऑनलाइन रजिस्टर करता येते.

यूट्यूबवर मुलांचं चॅनेल काढायचं असेल तर हेही लक्षात ठेवा, २०२० पासून मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओवर कमेंट बंद असतात आणि बघणाऱ्याच्या आवडीनुसार जाहिराती दाखवत नाहीत, त्यामुळे कमाईचा हिशोब वेगळा बसतो. पॅनलवर हा विषय निघतोच.

आल्यावर दोनतीन दिवसांत मेल टाका, कुठे भेटलो आणि काय बोललो ते एका ओळीत आठवून द्या. आमचा दुसरा एपिसोड अजून गेलेला नाही, शनिवारी बालवाडीत दाखवायचाय, त्याच्यानंतर पाठवणार.