आधी ढिलाई काढा, मग टेप लावा

गाडी सरळ चालेना म्हणून मी एका दुपारी तीनदा टो (पुढची चाकं समोरून एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते माप) बदलला होता. चौथ्यांदा खाली शिरलो तेव्हा दिसलं, पॅनहार्ड रॉडचा (अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून त्याला चॅसिसशी धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) चॅसिसकडचा बोल्टच सैल होता. तेव्हापासून सगळे सांधे तपासल्याशिवाय मी मोजायच्या टेपला हात लावत नाही.

मी सांगतोय ते पुढच्या चाकांना सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल) असलेल्या गाडीचं. तिथे घरी जुळवण्यासारखा असतो तो मुख्यतः टो. कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने आत-बाहेर झुकाव) अ‍ॅक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. गाडी उंच केल्यावर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि गाडी भरकटायला लागते. ते दुखणं टो फिरवून जात नाही.

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना उटी, इंजिन चालू. कुणाला तरी स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूने वाकून बघा. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, तो सांधा गेलेला. पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं जास्त वेळ बघा. हलत्या भागांत बोट घालू नका. मग इंजिन बंद करून अ‍ॅक्सल जॅकने उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीच जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखटलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो सांधा) गेलेला. आडवं धरून हलवल्यावरच खटखटलं तर टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या स्टेअरिंगच्या दांड्याच्या (टाय रॉडच्या) टोकाचा सांधा.

सांध्यांत ग्रीस भरताना ग्रीस निपल (जिथून ग्रीस भरतात ते तोंड) आधी पुसा, नाहीतर माती आत जाते. जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसलं की थांबा. दुधाळ ग्रीस निघालं तर आत पाणी शिरलंय.

आता टो. दोन्ही टायरांत हवा सारखी भरा. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसतं. दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, टायरच्या नक्षीतल्या मधल्या ठोकळ्याच्या कडेवर खडूने बारीक खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. मग त्याच खुणा मागे त्याच उंचीवर येईपर्यंत गाडी पुढे ढकला, पुन्हा मोजा. दोन्ही वेळा त्याच खुणा असल्यामुळे टायरचा वाकडेपणा मापात येत नाही. पुढचं अंतर कमी भरलं तर टो-इन. माझ्या गाडीला मी 2 ते 3 मिमी ठेवतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या.

टाय रॉडच्या नळीचे क्लॅम्प सैल करून ती फिरवा. एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून रॉड न काढता लांबी बदलते. रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर लांब केल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. प्रत्येक बदलानंतर गाडी थोडी पुढे-मागे करून शेवटी पुढेच घ्या, मग मोजा. स्टेअरिंग व्हील वाकडं राहिलं तर ते ड्रॅग लिंकवरून (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावरून) सरळ करा.

टाय रॉड एंडचा नट उघडला असेल तर तो ठरलेल्या टॉर्कला आवळा. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनचं) भोक जुळलं नाही तर नट अजून थोडा आवळा, मागे फिरवू नका. पिन नवीनच घाला.

थोडे दिवस गाडी चालवल्यावर क्लॅम्प पुन्हा बघा आणि टायरवरून आडवा हात फिरवा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर धारदार लागलं, तर टो-इन जास्त झालाय.