पीसीओएस आणि वनौषधींची पूरके: घ्यायची तर कशी घ्यावीत

वनौषधींचे कोणतेही पूरक सुरू करण्याआधी पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांशी निगडित विकार) निदान पक्के करून घ्यावे. 2003 साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण किंवा त्याची लक्षणे, आणि सोनोग्राफीत दिसणारे विशिष्ट स्वरूपाचे अंडाशय या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्याशी संबंधित संप्रेरक) तपासून घ्यावे लागते, कारण त्यांच्या बिघाडातही पाळी अशीच चुकते. त्याच वेळी साखर, टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुषी संप्रेरक) आणि यकृताच्या तपासण्या करून ठेवल्या, तर पुढे तुलना करता येते.

एका वेळी एकच वनस्पती घ्यावी आणि पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात. दहा वनस्पती एकत्र असलेली कॅप्सूल मी तरी सुचवणार नाही, कारण गुण आला किंवा त्रास झाला तरी तो कशाने, हे कळत नाही.

पुदिन्याचा चहा हा त्यातल्या त्यात सौम्य उपाय. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 30 दिवस दिवसातून दोनदा हा चहा घेतलेल्या स्त्रियांचे टेस्टोस्टेरॉन कमी झाले, मात्र चेहऱ्यावरील व अंगावरील केसांच्या मोजणीत फरक पडला नाही. केसांचे चक्र संथ असल्यामुळे महिन्याभरात तशी अपेक्षा ठेवणेही चुकीचे आहे. दालचिनी रोज घ्यायची असेल, तर साल नीट पाहून घ्यावी. बाजारात सर्रास मिळणारी जाड, एकाच पदराची साल कॅशियाची असते आणि तिच्यातील कूमारिन हे नैसर्गिक रसायन जास्त प्रमाणात यकृताला बाधते. सिलोनची दालचिनी पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली आणि सहज चुरा होणारी असते. दालचिनी, मेथी किंवा दारुहळद साखरेच्या औषधांसोबत घ्यायची झाल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

ज्येष्ठमध घरगुती वाटला तरी तो सतत घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी तो टाळावा. अश्वगंधा थायरॉइडच्या रुग्णांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. अश्वगंधा आणि गुळवेल या दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर पूरक त्याच दिवशी बंद करून तपासणी करावी. परवाना क्रमांक, घटकांचे प्रमाण आणि निर्मितीची तारीख छापलेली नसलेली पुडी कोणीही दिली तरी घेऊ नये, कारण अशा चूर्णांत शिसे किंवा पारा असू शकतो.

गर्भधारणेचा विचार असेल, तर ही पूरके डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊच नयेत. पाळी 90 दिवसांहून अधिक लांबली, तर आधी गर्भचाचणी करावी आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाच्या अभावी गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्यावरच्या गोळ्यांची जागा यांपैकी एकही वनस्पती घेऊ शकत नाही.