अपघाताची गाडी आधी गॅरेजला आणू नका

कराडला हायवेलगत माझं दुचाकीचं गॅरेज आहे. अपघात झाला की लोक माणूस दवाखान्यात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणतात. "शॉकअप वाकलाय, हेडलाइट फुटलाय, चार दिवसांत करून द्या." मी आधी विचारतो, पंचनामा झाला का? नसेल तर पान्याला हात लावत नाही. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे. वाकलेला शॉकअप, टाकीला लागलेला दुसऱ्या गाडीचा रंग, हे सगळं तुमच्या बाजूचे साक्षीदार असतात. मी ते सरळ करून रंगवलं की संपलं. आधी पंचनामा, आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी, चारी बाजूंनी फोटो, मग दुरुस्ती. आणि पक्कं बिल मागून घ्या.

ही अक्कल मला आमच्या दाजींमुळे आली. दाजी सुतार. २०२२च्या ऊस हंगामात रात्री घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर ते मागून आदळले. ट्रॉलीला टेललॅम्प नाही, रिफ्लेक्टर नाही. दाजींचा उजवा अंगठा कायमचा आखडला.

पहिली चूक दवाखान्यात झाली. सोबतच्या माणसाने पोलिसांची भानगड नको म्हणून सांगून टाकलं, "गाडी स्लिप झाली." केसपेपरवर तेवढंच उतरलं. पुढे भरपाईच्या दाव्यात समोरच्या विमा कंपनीच्या वकिलाने तोच कागद वर काढला: पेशंट स्वतः पडला म्हणतोय, मग आमचा संबंध काय? ती एक ओळ पुसायला आम्हाला डॉक्टरांची साक्ष काढावी लागली. म्हणून सांगतो, ॲडमिट करताना कशाला धडक बसली, कुठे, किती वाजता, हे नीट सांगा, एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद करायला लावा आणि लिहिलेलं वाचून घ्या. जखमीला नेणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे त्याला संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्तीही नाही. मे २०२५पासून केंद्राची कॅशलेस योजनाही आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार. दाजींच्या वेळी ती नव्हती, ताईने गंठण गहाण ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र बरोबर केली. त्याच रात्री मी जागेवर जाऊन ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे फोटो काढले आणि ट्रॅक्टरचा नंबर वेगळा, ट्रॉलीचा नंबर वेगळा टिपला. दोन्ही लागतात, कारण ट्रॉलीचा विमाच नव्हता हा वाद हमखास निघतो. मागून धडकलो म्हणजे चूक आपलीच, असं गावात सगळे म्हणतात. तसं नसतं. अंधारात बिनदिव्याचं वाहन उभं करणाऱ्याचाही दोष धरतात. फार तर तुमच्या चुकीच्या वाट्याएवढी रक्कम कापली जाते.

मुदत लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२पासून क्लेमचा, म्हणजे भरपाईचा, अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला, पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका. अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीतही चालतो, अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालायला नकोत. वकील टक्क्यांवर फी मागत असेल तर ते नियमात बसत नाही, हे त्याला ऐकवा. बायकांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आता पैशांचं. अपंगत्वाच्या दाखल्यावर दाजींचे १२ टक्के आले आणि आम्ही हिरमुसलो. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचं नुकसान वेगळं. कारकुनाचा अंगठा आणि रंधा धरणाऱ्याचा अंगठा सारखा कसा? दाजींचं वय ३४, कमाई महिना २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार गुणिले त्या वयाचा गुणक (वयाप्रमाणे ठरलेला आकडा) १६, म्हणजे ३८ लाख ४० हजार. त्याचे १२ टक्के म्हणजे ४ लाख ६० हजार ८००. कमाईचं नुकसान ३० टक्के धरलं तर ११ लाख ५२ हजार. फरक बघा! हे दाखवायला डॉक्टरांची साक्ष, कामाची बिलं, ज्यांची दारं-खिडक्या केल्या त्यांचे जबाब असं सगळं लागतं. गृहिणीच्या कामाचीही किंमत धरली जाते, तेव्हा "ती काही कमवत नाही" असं लिहून देऊ नका.

गाडीवरून आपले आपणच पडलात तर थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच असतो तो) कामाचा नाही. मृत्यू किंवा मोठं कायमचं अपंगत्व आलं तर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर तेवढं असतं. मागे बसलेल्याला नुसत्या थर्ड पार्टीत बहुधा काही मिळत नाही, पॅकेज पॉलिसीत, म्हणजे सगळं धरून घेतलेल्या पूर्ण विम्यात, मिळतं. सायकलवाल्याला मोटारीने उडवलं तर त्याचा हक्क पूर्ण आहे. सायकलने सायकलला ठोकलं तर मात्र साधा दिवाणी दावा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार मिळतात. त्यासाठीही पोलिसांत नोंद हवीच.

दाजींचं प्रकरण लोकअदालतीत गेलं. तिथे सही केली की पुढे अपील नाही, म्हणून आकडा घरी मांडून जायचं. पहिल्या तारखेला ताईने दाजींना सही करू दिली नाही. वकीलसाहेब कुरकुरले. पुढच्या तारखेला कंपनी दीड लाखाने वर आली.