आफ्रिकेतील धर्मांचा अभ्यास कसा करावा

प्रथम नकाशा समोर ठेवून नाईलचे खोरे, इथिओपियाचे पठार, सहारा आणि पूर्व किनारा यांवर खुणा कराव्यात, कारण धर्म बहुतेक याच वाटांनी पसरले. ख्रिस्ती धर्म युरोपीय वसाहतींबरोबर आला, हा समज लगेच सोडून द्यावा. आजच्या उत्तर इथिओपिया व एरिट्रियातील अक्सुम या प्राचीन राज्याचा राजा एझाना याने तो चौथ्या शतकातच स्वीकारला होता आणि इजिप्तमधील कॉप्टिक चर्च त्याहूनही जुने आहे.

इस्लामचा मागोवा घेताना ६३९ मध्ये इजिप्तवर झालेली अरब स्वारी आणि सहारा ओलांडणारा व्यापार यांचा वेगवेगळा विचार करावा. पश्चिम आफ्रिकेत हा धर्म मुख्यतः व्यापारी आणि विद्वानांमार्फत पोहोचला. मालीचा सम्राट मन्सा मुसा याची १३२४ मधील हजयात्रा हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध टप्पा होय.

सर्वाधिक वेळ मात्र पारंपरिक धर्मांना द्यावा. त्यांना एक संस्थापक किंवा एक ग्रंथ नसल्याने ते विस्कळीत वाटतात, पण नायजेरिया परिसरातील योरुबा लोकांच्या इफा या भविष्यकथनाच्या परंपरेतील पुरोहित पद्यांचा प्रचंड संग्रह मुखोद्गत करतात, आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर हीच परंपरा क्युबा व ब्राझीलपर्यंत गेली. पूर्वजपूजा, उपचार आणि भविष्यकथन यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी.

शेवटी १९२१ मध्ये बेल्जियन काँगोत (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) धर्मोपदेशक सिमोन किंबांगू यांनी सुरू केलेल्या चळवळीसारखी, युरोपीय मिशनऱ्यांपासून स्वतंत्र अशी आफ्रिकी चर्च पाहावीत. जनगणनेतील एकाच रकान्यावर विसंबू नये; चर्चमध्ये किंवा मशिदीत नियमित जाणारी व्यक्ती पूर्वजांचे विधीही करत असू शकते.