किशोरांच्या मानसिक आरोग्याचे काम करताना या चुका टाळा

उपयोगी ठरलेला उपाय ज्यांना हवा त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाही, हा अंमलबजावणी विज्ञानाचा मूळ प्रश्न आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील शाळांत काम करणारे नवे गट याच प्रश्नाशी अडखळतात, आणि अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत.

सर्वांत वाईट चूक माझीच. एका मराठी शाळेत आठवीच्या वर्गाला संमतिपत्रे वाटली होती. काही कोरी परतली, काही परतलीच नाहीत, आणि त्या सर्वांपुढे ‘पालकांचा नकार’ असे लिहून मी मोकळा झालो. पंधरवड्याने एका मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात खूण म्हणून घडी घालून ठेवलेले तेच पत्र दिसले. विचारल्यावर ती म्हणाली, “सर, घरात कन्नड वाचणारं कोण न्हाई.” वरून आलेला कन्नड नमुना आम्ही तसाच छापला होता, आणि त्याचा दोष अहवालात त्या घरांच्या माथी बसला. तेव्हापासून नकार, अनुत्तर आणि अनुपस्थिती यांचे रकाने मी वेगळे ठेवतो. छपाईपूर्वी पत्र एखाद्या आईला मोठ्याने वाचून दाखवतो आणि ती जिथे “म्हणजे?” विचारते ते वाक्य खोडतो.

दुसरी चूक सरासरीची. आरोग्य उपक्रमांचे मूल्यमापन करण्यासाठी १९९९ साली मांडलेल्या ‘री-एम’ (RE-AIM) चौकटीत पोहोच हा पहिला घटक आहे, आणि त्यात किती मुले आली याबरोबरच कोणती आली हेही पाहायचे असते. तालुक्याचा आकडा रस्त्यालगतच्या शाळा उचलून धरतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळा त्यात दिसेनाशा होतात. म्हणून मी आधी माध्यम, गाव आणि मुलगा-मुलगी अशा याद्या करतो, सरासरी शेवटी काढतो. घाई असलेल्यांना हे आवडत नाही.

पीएचक्यू-९ या नैराश्याची लक्षणे तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतील ‘गेल्या दोन आठवड्यांत’ याचे ‘हल्ली’ करणारे उत्साही स्वयंसेवकही पाहिले आहेत. शब्द सोपे करावेत, कालावधी आणि गुणांकन हलवू नये.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर रंगवला म्हणजे सेवा पोहोचली, असे मानू नये. घरात एकच मोबाइल, तोही वडिलांच्या खिशात असेल, तर मुलगी फोन कुठून करणार?

एका दिवसाचे प्रशिक्षण देऊन सगळे शिक्षकांवर सोपवणाऱ्यांविषयी न बोललेले बरे. मी पहिले तीन महिने दर पंधरवड्याला शाळेत जातो आणि भातकापणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांकडून मागून घेतो.