एनजॉय चालवण्याआधीची तयारी: युरेनियम-२३८ आणि पाण्यातला हायड्रोजन

लॉस अलामॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झालेली एनजॉय ही संगणक-प्रणाली मूल्यांकित अणुडेटा घेते आणि प्रारण-वहनाच्या आकडेमोडीला लागणाऱ्या क्रॉस-सेक्शनच्या (न्यूट्रॉनची अणुकेंद्राशी अभिक्रिया होण्याच्या शक्यतेचे माप, एकक बार्न) फायली तयार करून देते. (मिन्क्स या जुन्या प्रणालीच्या नावातले प्रत्येक अक्षर एकेक घर पुढे सरकवले की हे नाव मिळते.) इनपुटची मांडणी चुकली तर ती बहुतेक वेळा थांबते, मांडणी बरोबर पण निर्णय चुकीचा असेल, तर निमूटपणे काम पूर्ण करून देते. म्हणून पुढचे निर्णय आधी कागदावर लिहून घ्यावेत.

प्रणालीची बांधणी झाल्यावर सोबत आलेल्या चाचण्या एकदा चालवाव्यात. मग मूल्यांकित डेटासंच ठरवावा: अमेरिकेचा ईएनडीएफ/बी-८.०, युरोपचा जेफ-३.३ की जपानचा जेंडल-५. निवडलेल्या संचाचे नाव, आवृत्ती आणि फाईल उतरवल्याची तारीख नोंदवहीत लिहावी, आणि सबळ कारणाशिवाय एकाच गणितात दोन संच मिसळू नयेत. फाईल साध्या संपादकात उघडून पाहावी, मात्र जतन करू नये. या फायलींच्या ईएनडीएफ-६ या ठरलेल्या मांडणीत ओळ ८० रकान्यांची असते आणि प्रत्येक आकड्याला ११ रकाने मिळतात. युरेनियम-२३८ ची ओळख तेथे ‘९.२२३८००+४’ अशी, घातांकाचे अक्षर गाळून, लिहिलेली असते आणि ६७ ते ७० या रकान्यांत पदार्थक्रमांक ९२३७ दिसतो. संपादकाने एखादा टॅब घुसवला की सगळे रकाने सरकतात. माझी एक अख्खी दुपार अशा एका टॅबमागे गेली आहे.

त्यानंतर तापमानांची यादी चढत्या क्रमाने तयार करावी. इंधनासाठी ९०० केल्विन हवे असेल, तर खोलीच्या तापमानाची फाईल चालवून घेऊ नये, कारण युरेनियम-२३८ चे ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरचे रेझोनन्स (ठरावीक ऊर्जेला शोषण एकदम वाढवणारे शिखर) तापमानाबरोबर रुंदावते आणि डॉपलर परिणामाचा (इंधन तापल्यावर शोषण वाढण्याचा) मोठा वाटा त्यातूनच येतो. प्रणालीच्या रिकॉनआर (रेझोनन्सांवरून क्रॉस-सेक्शन उभारणारा) आणि ब्रॉडआर (ते तापमानानुसार रुंदावणारा) या दोन्ही भागांसाठी ०.००१ ही सहनमर्यादा नेहमीच्या कामाला पुरते. २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर या अणुकेंद्राची रेझोनन्स सुटी दिसत नाहीत, त्यामुळे माँटे कार्लोसाठी (यादृच्छिक नमुन्यांच्या आकडेमोडीसाठी) फाईल करायची असेल, तर भागांच्या साखळीत अशा न सुटणाऱ्या रेझोनन्सांसाठीचा ‘पर’ हा भाग आहे ना, हे पाहावे.

सर्वांत जास्त काळजी पाण्याची घ्यावी. हायड्रोजनची फाईल (क्रमांक १२५) आणि पाण्यात बांधलेल्या हायड्रोजनची औष्णिक विकिरणाची, म्हणजे मंद न्यूट्रॉन उसळण्याची, फाईल (क्रमांक १) या दोन वेगळ्या फायली आहेत, आणि हे विकिरण हाताळणाऱ्या थर्मआर या भागाला दोन्ही द्याव्या लागतात. दुसरी विसरून मुक्त वायूचा (हायड्रोजन बांधलेला नाही असे मानणारा) पर्याय ठेवला, तरी प्रणाली तक्रार करत नाही. मुक्त हायड्रोजनचे विकिरण क्रॉस-सेक्शन सुमारे २० बार्न, तर घट्ट बांधलेल्याचे सुमारे ८२ बार्न, तेव्हा औष्णिक ऊर्जेत ही विसर किती महाग पडेल, याचा अंदाज येतो. औष्णिक फाईलमध्ये ठरावीकच तापमाने असतात, २९३.६ केल्विन असेल तर ब्रॉडआरलाही तेच द्यावे, ३०० नव्हे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसारखी जड पाण्याची रचना असेल, तर जड पाण्यातल्या ड्युटेरियमची फाईल वेगळी घ्यावी.

गटवार (ऊर्जेच्या गटांनुसार सरासरी काढलेला) डेटा करायचा असेल, तर गटरचना, सरासरीसाठीचा भारवर्णपट आणि पार्श्वभूमी क्रॉस-सेक्शनच्या (सोबतच्या इतर पदार्थांच्या) किमती आधी ठरवाव्यात. हे काम करणाऱ्या ग्रुपआर या भागात पार्श्वभूमीची पहिली किंमत १० चा दहावा घात, म्हणजे अनंत विरलन, असते. पण इंधनकांडीत युरेनियम-२३८ ला लागणारी किंमत काही दशक बार्नांच्या आसपास असते, तेव्हा खालच्या किमती गाळल्यास शोषण अवाच्या सवा मोठे येते.

फाईल हाती आल्यावर ०.०२५३ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरचे आकडे तपासावेत: हायड्रोजनचे न्यूट्रॉन-ग्रहण ०.३३२ बार्न, युरेनियम-२३८ चे सुमारे २.७. उष्णता मोजणारा हीटआर हा भाग चालवला असेल, तर उष्णतेचे आकडे कोठे ऋण झाले आहेत का, हे आलेखावर बघावे. शेवटी मोजलेल्या प्रयोगाशी ताळा घ्यावा, मात्र प्रयोग जपून निवडावा: गोडायव्हा हा उघडा, समृद्ध युरेनियमचा गोळा वेगवान न्यूट्रॉनांचा आहे, त्यामुळे तेथे उत्तर जुळले तरी पाण्याच्या फाईलबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी पाण्यात बुडवलेल्या इंधनकांड्यांचा प्रयोगच घ्यावा, आणि इनपुट फाईल निकालाच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.