गोल्ड कार्ड असूनही लाउंजबाहेर? विमान कंपन्यांच्या स्टेटसबाबत या चुका टाळा

नेहमी विमानाने फिरणाऱ्यांना विमान कंपन्या सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा दर्जा (स्टेटस) देतात. त्याबद्दलच्या तक्रारी ऐकल्या की एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक वेळा कंपनीने नियम मोडलेला नसतो, प्रवाशाने नियमाचा अर्धाच भाग वाचलेला असतो. आपल्याला वाटतं, गोल्ड झालो म्हणजे कुठल्याही विमानतळावर, कुठल्याही विमानाला गोल्डच. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला मात्र स्क्रीनवर फक्त त्या दिवसाचं बुकिंग दिसतं: त्यात कुठल्या कंपनीच्या कार्यक्रमाचा (म्हणजे पॉइंट आणि दर्जा देणाऱ्या सदस्य योजनेचा) सदस्य क्रमांक आहे, विमान प्रत्यक्ष कोण उडवतंय आणि तिकीट कुठल्या भाड्याचं आहे. पाकिटातलं कार्ड कितीही चकचकीत असलं तरी या तीन जागांपैकी एक बिघडली की फायदा गेला.

ॲपमधला मोठा आकडा पाहून खूश होऊ नका

ॲप उघडल्यावर ठळक दिसतात ते खर्च करायचे पॉइंट. दर्जा ठरवणारा आकडा वेगळा असतो. एअर इंडियात ते टिअर पॉइंट, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये एलिट माइल्स, कतार एअरवेजच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये क्यूपॉइंट. पहिला आकडा म्हणजे खिशातला पैसा, दुसरा म्हणजे परीक्षेचे मार्क. पैसा उधार आणता येतो, मार्क आणता येत नाहीत. म्हणून क्रेडिट कार्डाचे दोन लाख पॉइंट विमान कंपनीकडे वळवले तरी त्यातून तिकीट निघतं, दर्जा वाढत नाही. पॉइंट वापरून काढलेल्या फुकट तिकिटावरही बहुतेक कार्यक्रमांत मार्क मिळत नाहीत. डेल्टा आणि युनायटेडसारखे काही अपवाद आहेत.

अमेरिकन एअरलाइन्सने मात्र हा भेद बराच पुसून टाकला. मार्च 2022 पासून तिथे लॉयल्टी पॉइंट नावाचा एकच हिशेब चालतो आणि त्यात कंपनीच्या क्रेडिट कार्डावरचा किराणासुद्धा धरला जातो. गोल्डला 40,000, प्लॅटिनमला 75,000. डॅलसमधल्या एखाद्या मराठी कुटुंबाला फारसं विमानात न बसताही त्यांचा गोल्ड गाठता येतो तो यामुळेच. भारतातल्या कार्डांचं गणित तसं चालत नाही.

वर्ष कधी सुरू होतं हेही पाहून ठेवा. अमेरिकनचं वर्ष मार्च ते फेब्रुवारी. जिथे जानेवारी ते डिसेंबर मोजतात, तिथे 2 जानेवारीचं परतीचं विमान पुढच्या वर्षाच्या खात्यात पडतं, मग तिकीट तुम्ही गणपतीतच का काढलेलं असेना. धरली जाते ती उड्डाणाची तारीख.

जुना हिशेब डोक्यातून काढून टाका

अमेरिकन एअरलाइन्सने मे 1981 मध्ये ॲडव्हांटेज हा कार्यक्रम आणला, तेव्हा हिशेब सोपा होता: जितके मैल उडाल तितके मैल खात्यात. मुंबई ते नेवार्क करणाऱ्याची चंगळ होती. आता बऱ्याच ठिकाणी अंतराला किंमत उरलेली नाही, खर्चाला आहे. एअर इंडियाने 2024 मध्ये खर्चावर आधारित पद्धत आणली. डेल्टाने 2024 पासून दर्जासाठी फक्त डॉलर मोजायचं ठरवलं. सप्टेंबर 2023 मध्ये ही घोषणा झाली तेव्हा इतका गदारोळ उठला की कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी आपण अती केल्याचं मान्य केलं आणि सर्वांत वरच्या डायमंड दर्जाची अट 35,000 वरून 28,000 डॉलरवर आणली. ब्रिटिश एअरवेजने 1 एप्रिल 2025 पासून तोच रस्ता धरला: पात्र खर्चाच्या एका पौंडाला एक गुण, सिल्व्हरसाठी 7,500 गुण.

यातला 'पात्र' हा शब्द महागात पडतो. मूळ भाडं आणि कंपनीने स्वतः लावलेले आकार यातच येतात. सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क वगळलं जातं. लंडनहून वर्षातून एकदा आईवडिलांना भेटायला येणाऱ्याने पाचशे-सहाशे पौंडांचं तिकीट काढलं, तर सिल्व्हरसाठी किती फेऱ्या लागतील ते बोटांवर मोजून पाहा. माझं स्पष्ट मत असं: वर्षातून एखादी लांबची फेरी करणाऱ्याने दर्जाच्या मागे लागूच नये. जे भाडं स्वस्त आणि ज्या विमानाची वेळ सोयीची ते घ्यावं, आणि वाचलेल्या पैशांतून पाय पसरायला जागा असलेली सीट विकत घ्यावी. ज्यांची कंपनी तिकिटं काढते, त्यांच्यासाठीच हा खेळ फायद्याचा.

अंतर मोजणारे कार्यक्रम अजून आहेत. क्रिसफ्लायरचं गोल्ड 12 महिन्यांत 50,000 एलिट माइल्सवर मिळतं. मुंबई ते सिंगापूर हे अंतर साधारण 2,400 मैल. पूर्ण मैल मिळतात असं धरलं तरी एकेरी वीसपेक्षा जास्त उड्डाणं झाली, आणि सर्वांत स्वस्त भाड्यात पूर्ण मैल मिळतच नाहीत.

एकाच नंबरावर टिकून राहा

न्यू जर्सीतलं एक नेहमीचं चित्र घ्या. एका वर्षी युनायटेडने भारतात आले, तिथला नंबर घेतला. पुढच्या वर्षी लुफ्तान्सा स्वस्त मिळालं, त्यांचं खातं उघडलं. मग एअर इंडियाचं. तीन खाती, तिन्ही तळाच्या पायरीवर. वास्तविक या तिन्ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत (एअर इंडिया 11 जुलै 2014 पासून), आणि कुठल्याही एकाच कार्यक्रमाचा नंबर तिन्हीकडे देता आला असता. एका उड्डाणावर एकच नंबर चालतो, त्यामुळे निवड आधी करावी लागते.

ती करताना आपल्या कार्यक्रमाचा भागीदार तक्ता उघडा, म्हणजे गटातल्या इतर कंपन्यांच्या तिकिटांवर किती गुण मिळतात ते सांगणारा. प्रत्येक तिकिटावर भाड्याचं एक अक्षर असतं, वाय, एम, के, एल असं काहीतरी. स्वतःच्या विमानात ज्या अक्षराला गुण मिळतात, त्याच अक्षराला भागीदाराच्या कार्यक्रमात शून्य मिळू शकतो. हे अक्षर तिकीट काढण्याआधी दिसतं. 'भाड्याचे तपशील' असं लिहिलेल्या बारीक ओळीवर बोट ठेवावं लागतं, एवढंच.

अलायन्सही कायमचं नसतं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स ही 1997 मध्ये स्टार अलायन्स स्थापन करणाऱ्या पाच कंपन्यांपैकी एक, पण 1 सप्टेंबर 2024 रोजी ती स्कायटीम या दुसऱ्या गटात गेली.

नंबर दिला, प्रवास केला, तरी गुण आले नाहीत, असं झालं तर आधी नाव तपासा. आपल्या लोकांची निम्मी दुखणी इथेच असतात. मराठी पासपोर्टांवर पहिल्या नावाच्या रकान्यात बरेचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, त्यामुळे तिकिटावर ते सगळं जोडून येतं. सदस्यत्व मात्र पहिलं नाव आणि आडनाव टाकून घाईत उघडलेलं असतं. यंत्राच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती. लग्नानंतर पासपोर्ट बदलला आणि खातं माहेरच्या नावाने राहिलं तरी तेच होतं. उपाय एकच: तिकीट पासपोर्टप्रमाणेच हवं, म्हणून खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. पुरावा जोडून एक अर्ज केला की होतं, पण प्रवासाआधी करा.

नाव बरोबर असेल तर थोडे दिवस थांबून मागाहून गुणांची मागणी नोंदवा. यासाठी सहा अक्षरी पीएनआर पुरत नाही, तेरा आकडी तिकीट नंबर लागतो. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कुणाचं ते सांगतात: 098 म्हणजे एअर इंडिया, 016 युनायटेड, 220 लुफ्तान्सा. बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा आणि गुण जमा होईपर्यंत पुसू नका. मागणीला मुदत असते, 'निवांत बघू' म्हणणाऱ्यांची ती हमखास हुकते.

विमान कोण उडवतंय ते पाहा

एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस एकाच समूहाच्या, पण एक्स्प्रेस स्टार अलायन्समध्ये नाही. समूहाच्या देशांतर्गत विमानांपैकी बरीच आता एक्स्प्रेसची असतात. लुफ्तान्साचं गोल्ड कार्ड घेऊन गोव्याला निघालेल्या माणसाला तिथे जादा बॅग मिळाली नाही, तर काउंटरवरच्या मुलीशी भांडून उपयोग नाही.

इंडिगोचंही तसंच. टर्किश एअरलाइन्सशी त्यांचं कोडशेअर आहे, म्हणजे इंडिगोच्या विमानाला टर्किशचा फ्लाइट नंबर असू शकतो. पण इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही, त्यामुळे त्या विमानात स्टार गोल्डचे (म्हणजे स्टार अलायन्सभर चालणाऱ्या गोल्ड दर्जाचे) हक्क गृहीत धरू नका. एमिरेट्सही अलायन्सबाहेर, त्यांच्या स्कायवर्ड्स कार्यक्रमाचा गोल्ड एमिरेट्स आणि फ्लायदुबईच्या बाहेर फारसा उपयोगी पडत नाही. आखातातल्या मंडळींनी हे धरूनच चालावं.

लाउंजच्या दारात

सर्वांत जास्त वाद इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

स्टार अलायन्सचा सिल्व्हर दर्जा लाउंज देत नाही. त्याचा अलायन्सभर चालणारा फायदा म्हणजे प्रतीक्षायादीत आणि ऐनवेळच्या जागेसाठी थोडं वरचं स्थान. लाउंज मिळतं ते गोल्डला. तेही त्याच दिवशी, त्याच विमानतळावरून सुटणाऱ्या सदस्य कंपनीच्या विमानाचा बोर्डिंग पास असेल तर. सोबत एक पाहुणा नेता येतो, पण त्यालाही तुमच्याच विमानाने जायचं असावं लागतं. मुलगा शिकागोत गोल्ड आहे म्हणून मुंबईहून एकटे निघालेल्या आईबाबांना लाउंज मिळत नाही. दर्जा कुटुंबाचा नसतो.

एक गंमतशीर अपवाद ठाऊक असू द्या. युनायटेडचा स्वतःचा गोल्ड सदस्य निव्वळ अमेरिकेतल्या प्रवासात युनायटेडच्या क्लबमध्ये, म्हणजे त्यांच्या लाउंजमध्ये, दर्जाच्या जोरावर जाऊ शकत नाही, आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच जातो. पण दुसऱ्या सदस्य कंपनीचा गोल्ड तिथे देशांतर्गत विमानालाही आत जातो. म्हणजे एअर इंडियाचा गोल्ड असलेल्याला शिकागो ते डेन्व्हर प्रवासात लाउंज, आणि शेजारच्या युनायटेड गोल्डला बाहेरची खुर्ची. अमेरिकेत राहून परदेशी कार्यक्रमात गुण जमवणारे लोक वेडे नव्हेत, ते यासाठीच.

वनवर्ल्ड या तिसऱ्या गटात पायऱ्या रुबी, सफायर, एमराल्ड अशा आहेत. लाउंज सफायरपासून पुढे, फर्स्ट क्लासचा लाउंज एमराल्डला. स्कायटीममध्ये एलिट प्लस दर्जा लागतो आणि प्रवास आंतरराष्ट्रीय असावा लागतो.

आता दुरुस्ती. बोर्डिंग पास हातात पडला की त्यावर चांदणी आणि पुढे जी हे अक्षर छापलंय का ते पाहा. ते नसेल तर बुकिंगमध्ये तुमचा नंबर नाही किंवा दुसऱ्याच कार्यक्रमाचा आहे. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने काढलेल्या तिकिटांत हे वारंवार होतं. काउंटरवरच नंबर घालून पास पुन्हा छापून घ्या. आपल्या विमानतळांवर एकदा सुरक्षा तपासणी पार केली की परत काउंटरवर येणं म्हणजे डोकेदुखी. आणि बँकेच्या कार्डावर मिळणारं लाउंज हा निराळा प्रकार आहे. त्या रांगेत उभं राहून गोल्ड कार्ड दाखवू नका.

तसंही लाउंजचं कौतुक आपल्याकडे जरा जास्तच आहे. उपमा आणि कॉफी बाहेरही मिळते. पावसाळ्यात मुंबई तुंबते किंवा जानेवारीत दिल्लीवर धुकं उतरतं, विमानं रद्द होतात आणि पुढच्या विमानात मोजक्याच जागा असतात, तेव्हा यादीत वरचं नाव असणं हाच या दर्जाचा खरा उपयोग.

जादा बॅगचा घोळ

स्टार गोल्डला जिथे किलोत मोजतात तिथे 20 किलो जास्त, आणि जिथे नग मोजतात तिथे एक नग जास्त. अमेरिकेच्या मार्गांवर नग चालतात. एक नग जास्त याचा अर्थ आहे त्या बॅगेत आणखी भाजणी आणि लोणच्याच्या बरण्या कोंबता येतील असा होत नाही. 23 किलोची मर्यादा प्रत्येक बॅगेला तशीच राहते. काही कंपन्या सर्वांत स्वस्त, बॅगविरहित भाड्यात ही सवलत देतच नाहीत. चौघांचं कुटुंब असलं आणि एकजण गोल्ड असला तर जादा नग एकच समजा.

मॅच आणि मुदती

एका कंपनीचा दर्जा दाखवून दुसरीकडे तसाच मिळवण्याला स्टेटस मॅच म्हणतात. बऱ्याच कंपन्या तो एकदाच देतात आणि टिकवायला थोड्या महिन्यांत ठरावीक प्रवास करायला लावतात. म्हणून पुढच्या तिमाहीत खरंच उड्डाणं असतील तेव्हाच मागा. मॅचच्या हौसेने मे महिन्यात मिळवला आणि दिवाळीपर्यंत विमानतळच पाहिला नाही, तर ती संधी वाया जाते.

पॉइंट साठवून ठेवणाऱ्यांनी जेट एअरवेज आठवावी. 17 एप्रिल 2019 रोजी तिची विमानं थांबली. जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्यामुळे पॉइंट इंटरमाइल्स या नावाने पुढे चालू राहिले, पण जेटची विमानंच नाहीत म्हटल्यावर प्लॅटिनम कार्ड दाखवायचं कुणाला? विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सदस्यांची खाती इकडे आणली गेली, म्हणून निभावलं. क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांनी संपतात. तारखा कॅलेंडरवर टाका.

शेवटी तक्रारीविषयी. हक्काच्या बॅगेचे पैसे काउंटरवर मागितलेच, तर विमान चुकेपर्यंत वाद घालू नका. पैसे भरा, पावती आणि बॅगचा टॅग जपून ठेवा, बोर्डिंग पासवरच्या चांदणीसह तिन्हींचा फोटो काढा. परतल्यावर ज्या कंपनीने पैसे घेतले तिला लिहा. सोबत तेरा आकडी तिकीट नंबर, सदस्य क्रमांक आणि नियमातलं नेमकं वाक्य द्या. कहाणी लिहू नका, चार ओळी पुरतात.